हातमोज्यांचा खण आणि त्यामागची ऊब

काही शब्द वस्तूंपेक्षा दीर्घायुषी असतात. ज्या कामासाठी शब्द जन्माला आला ते काम संपते, ते करणारी माणसे जातात, तरी शब्द आपला मुक्काम हलवीत नाही. मोटारीत चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर झाकणाचा एक खण असतो. मराठीत आपण त्याला नुसते डॅशबोर्डचा खण म्हणून मोकळे होतो. परंतु त्याचे मूळ नाव ग्लव्ह बॉक्स, म्हणजे हातमोज्यांची पेटी, असे आहे. आज त्या खणात गाडीची कागदपत्रे सापडतात, विम्याची प्रत सापडते, एखादी विजेरी, डोकेदुखीची गोळी, बडीशेपेची पुडी, क्वचित कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिकाही सापडते. सापडत नाहीत ते फक्त हातमोजे.

या खणाकडे कुतूहलाने पाहण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते उत्तर भारतातील हिवाळा अनुभवल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. जानेवारीच्या एखाद्या सकाळी गाडीतला हीटर चालेनासा होतो. गाडी दुरुस्तीला नेली, की मिस्त्री पुढचे झाकण उघडून क्षणभर इंजिनाकडे पाहतो आणि मग आत येऊन हा खण रिकामा करावयास सांगतो. दोन्ही बाजूंनी दाबून खण खाली उतरविला, की त्याच्या पाठीमागे पंखा, हवेचा मार्ग आणि हीटर यांचे एक छोटेसे जग दिसू लागते. म्हणजे ज्या थंडीमुळे हातमोज्यांची पेटी जन्माला आली, त्याच थंडीवरचा पुढचा उपाय त्या पेटीच्या आड जाऊन बसला आहे! हे कसे घडले याची हकीकत मला आज सांगावयाची आहे. ती यंत्राची असली तरी केवळ यंत्राची नाही. ऊब हवी पण धूर नको, ही माणसाची फार जुनी मागणी आहे. मोटारीत ती कशी पुरी झाली, आणि पुरी होण्यापूर्वी तिची काय किंमत पडली, हा या हकीकतीचा गाभा आहे.

लखनौ म्हटले की महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे चिकनचे तलम कापड, दशहरी आंबे आणि ‘पहले आप’ची अदब उभी राहते, थंडी उभी राहत नाही. मे महिन्यात येथे पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो हे सर्वांस ठाऊक असते. परंतु डिसेंबर सरता सरता रात्रीचे तापमान सात-आठ अंशांवर येते, थंडीच्या लाटेत त्याच्याही पुष्कळ खाली उतरते, आणि गोमतीच्या काठचे धुके शहरभर पसरते. पुण्याची किंवा नाशिकची थंडी ही पहाटेची पाहुणी. ऊन वर आले की ती निरोप घेते. लखनौची थंडी दिवसभर ठाण मांडून बसते, कारण धुक्यामुळे ऊनच तिला उठवावयास येत नाही. त्यातून येथील जुनी घरे बांधली आहेत ती उन्हाळ्याशी झुंज देण्यासाठी. लाखौरी विटांच्या जाड भिंती आणि उंच छत यांचा गारवा जूनमध्ये आशीर्वादासारखा वाटतो. जानेवारीत तोच गारवा हाडांत शिरतो.

मराठी माणसाला ही थंडी अगदीच अनोळखी आहे असे मात्र नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर दुसऱ्या बाजीरावाबरोबर जी कुटुंबे गंगाकाठी बिठूरला आली, त्यांना येथून फारशा दूर नसलेल्या प्रदेशातील हिवाळे काढावे लागले. पुढे १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी लखनौत संगीताचे विद्यालय सुरू झाले, आणि प्रारंभी मॅरिस कॉलेज म्हणून ओळखली जाणारी ती संस्था आज भातखंडे यांचेच नाव धारण करून उभी आहे. अशा निमित्तांनी, आणि नंतर आमच्यासारख्यांच्या नोकरीच्या निमित्ताने, घोंगडीची सवय असलेली माणसे रजईच्या मुलखात आली. रजईबरोबर येथे आणखी एक वस्तू घरोघर असते, ती म्हणजे अंगीठी. लोखंडी घमेल्यासारख्या भांड्यात कोळसे पेटवावेत आणि भोवती बसून हात शेकावेत, असा तिचा थाट. आपल्या शेकोटीची ती धाकटी बहीण. फरक इतकाच, की शेकोटी अंगणात असते, आणि अंगीठी दार लावून घेतलेल्या खोलीतही नेली जाते. या फरकात किती भय साठलेले आहे, ते पुढे येईलच.

आता मोटारीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभीची मोटार ही घोड्यावाचून धावणारी उघडी बग्गी होती. पुष्कळ गाड्यांना समोर काच नव्हती, बाजूला दारे नव्हती, आणि छत असलेच तर ते कापडाचे, पडदे सोडावे तसे ओढून घ्यावयाचे. ताशी तीस-चाळीस किलोमीटरांच्या वेगाने समोरून येणारा वारा युरोपातील हिवाळ्यात हातांची बोटे बधिर करून टाकी. गाडी हातांनी हँडल फिरवून सुरू करावी लागे, मध्येच तेलकट भागांत हात घालावे लागत आणि थंड पडलेले चक्र घट्ट धरून ठेवावे लागे. तेव्हा हातमोजे ही ऐट नव्हती. ते मोटार चालविण्याचे एक साधन होते. डोरोथी लेव्हिट या इंग्रज महिलेने १९०९ मध्ये ‘द वुमन अँड द कार’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतः शर्यतीत मोटारी पळविणाऱ्या या बाईंनी आपल्या भगिनींना सांगितले आहे, की आसनाखालच्या लहानशा खणात हातमोजे, रुमाल आणि हातआरसा ठेवावा. त्या आरशाचा आणखीही एक उपयोग त्यांनी सुचविला आहे. तो हातात उंच धरला, तर मागून येणारी वाहने दिसतात. मागचे पाहण्याचा आरसा पुढे गाडीलाच कायमचा बसला आणि हातात राहिला नाही. खणाचेही तसेच झाले. आसनाखालून तो समोरच्या फळीत आला, तेथे स्थिरावला आणि हातमोज्यांचे नाव त्याने आपल्याबरोबर आणले.

हात झाकले तरी पायांचे काय? मोटारीच्या आधी हा प्रश्न रेल्वेला पडला होता. इंग्लंडमध्ये गाडीच्या डब्यांत प्रवाशांना पाय टेकण्यासाठी गरम पाण्याने भरलेले पत्र्याचे चपटे डबे मिळत. पाणी लवकर निवे म्हणून पुढे त्यांत सोडियम ॲसिटेट हे लवण वापरण्यात येऊ लागले. ते वितळलेल्या स्थितीत भरले, की पुन्हा गोठता गोठता बराच वेळ उष्णता देत राहते. अमेरिकेत १८९३ मध्ये मार्गारेट विलकॉक्स या महिलेला ‘कार हीटर’चे पेटंट मिळाले, आणि मोटारीचा हीटर शोधून काढल्याचे श्रेय आज पुष्कळदा त्यांना देण्यात येते. ते श्रेय देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या वर्षी अमेरिकेत मोटारी जवळजवळ नव्हत्याच, आणि ‘कार’ हा शब्द लोक रेल्वेच्या किंवा ट्रामच्या डब्याला लावीत. यंत्र चालताना जी उष्णता वाया जाते तीच बसणाऱ्यांच्या उपयोगी आणावी, ही कल्पना मात्र त्या काळी हवेत होती खरी.

मोटारवाल्यांनी प्रथम बग्गीचाच मार्ग पत्करला. पायांखाली तापविलेल्या विटा किंवा दगड ठेवावेत, अंगावर जाड धाबळ्या घ्याव्यात, किंवा गालिच्याने मढविलेल्या धातूच्या पेटीत दगडी कोळशाची वडी पेटवून तिच्यावर पाय ठेवावेत, असे उपाय चालत. ही पेटी म्हणजे चाकांवरची अंगीठीच! काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी धरतो, त्यातलाच हा प्रकार. गाडी उघडी होती तोवर यात विशेष धोका नव्हता, कारण धूर वाऱ्याबरोबर मागे पडत असे.

परंतु गाडी उघडी राहिली नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये नव्या मोटारींपैकी दहांत सुमारे एकच गाडी बंदिस्त होती. १९२७ मध्ये शंभरांतल्या ऐंशींहून अधिक गाड्या बंदिस्त झाल्या. आठ वर्षांत मोटार ही बग्गी न राहता चाकांवरची खोली झाली. खोली झाली म्हणताच खोलीचे सुख आले, आणि खोलीचे भयही आले.

त्या वेळी गाडी तापविण्याचा सोपा मार्ग म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंची उष्णता वापरणे. ज्या लोखंडी नळीतून हे वायू जातात ती लालबुंद होण्याइतकी तापते. तिच्याभोवती पत्र्याचे आवरण घालावे, त्या आवरणातून बाहेरची हवा खेळवावी, आणि तापलेली हवा फळीला पाडलेल्या भोकातून आत सोडावी, अशी ही योजना. १९२७ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीला असे हीटर बसविता येत असत. किंमत थोडी, ऊब पुष्कळ आणि तीही चटकन. उणीव एकच होती, पण ती जिवाशी गाठ घालणारी होती. आत येणारी हवा आणि विषारी वायू यांच्यामध्ये लोखंडाच्या एका पापुद्र्याखेरीज दुसरे काही नसे. त्या नळीला बारीक तडा गेला, किंवा सांध्यातील पट्टी जळाली, की उबेबरोबर विषही आत येऊ लागे.

हे विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, ते डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाचा श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी या विषबाधेचे मर्म उलगडून दाखविले. तरीही १९०२ मध्ये एमिल झोला यांच्यासारखा जगद्विख्यात कादंबरीकार पॅरिसमधील आपल्या शयनगृहात याच वायूने मरण पावला. धुराडे नीट वाहत नव्हते, एवढेच निमित्त झाले. आणि ही गोष्ट केवळ फार दूरची, फार जुनी समजू नये. उत्तर भारतात आजही प्रत्येक हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेली माणसे सकाळी न उठल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे त्यांना वाटलेले असते. आगीशिवाय धूर नाही ही म्हण खरी आहे. पण धूर दिसला नाही तरी आगीचे विष असू शकते, हे म्हणीत सांगितलेले नाही.

मग आगीजवळून ऊब घ्यावी, पण आगीचा श्वास घेऊ नये, हे साधावे कसे? उत्तर इंजिनातच होते. इंधन जाळून जी शक्ती निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात जाते, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये वाऱ्यावर निववावे लागते. याच तापलेल्या पाण्याचा एक फाटा रबरी नळीने आत आणावा, लहानशा दुसऱ्या रेडिएटरमधून फिरवावा, त्याच्यावर विजेचा पंखा सोडावा आणि पाणी परत इंजिनाकडे पाठवावे. बस्स, हाच आजचा मोटारीचा हीटर. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत रूढ होऊ लागली. यातील शहाणपण असे, की अग्नी आणि माणूस यांच्यामध्ये पाणी हा मध्यस्थ आला. तो उष्णता तेवढी घेऊन येतो, विष तिकडेच ठेवतो. नळी फुटली तर पाय भिजतील, फार तर चटका बसेल. पण निजलेल्या माणसाची निद्रा चिरनिद्रा होणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात दूध थेट विस्तवावर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापविणारी गृहिणी हेच तत्त्व वापरीत असते. ज्या गाड्यांच्या इंजिनात पाणीच नव्हते, त्यांना हा मार्ग बंद होता. फोक्सवॅगनची सुप्रसिद्ध बीटल ही त्यांतलीच. तिला शेवटपर्यंत जळक्या वायूंच्या नळीभोवतालच्या हवेवरच आपली ऊब भागवावी लागली.

पाण्याचे हे पहिले हीटर फळीच्या खाली, शेजारच्या प्रवाशाच्या पायांपुढे, एखाद्या गोल डब्यासारखे उघडे लोंबत असत. ते बिघडले तर शोधावयास कोठे जावे लागत नसे. पुढे १९३८ मध्ये नॅश या अमेरिकन कंपनीने बाहेरची हवा आत घेऊन, ती गाळून आणि तापवून सर्व गाडीभर खेळविण्याची व्यवस्था केली. १९५४ मध्ये त्याच कंपनीने थंड हवेचे यंत्र आणि हीटर यांचा एकत्र संसार पुढच्या फळीत थाटला. त्या गाडीचे नाव अँबॅसेडर होते. आपल्या हिंदुस्थानी अँबॅसेडरशी तिचे नाते मात्र नावापुरतेच. लोंबणारा डबा असा फळीच्या आत शिरला. आत शिरताच त्याला जागा हवी झाली. चालकापुढे चक्र, दांडे, तारा आणि घड्याळे यांची गर्दी. मोकळी जागा होती ती शेजारच्या बाजूला, हातमोज्यांच्या खणामागे. तेथे हीटर, आणि विशेषेकरून त्याचा पंखा, जाऊन बसला. हातमोजे निरुपयोगी करून टाकणारी वस्तू हातमोज्यांच्याच पेटीमागे राहावयास आली. पुष्कळ गाड्यांत आजही तिचा पत्ता तोच आहे.

भारतात या कथेला निराळे वळण मिळाले. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसेडर घडविली, आणि ती २०१४ पर्यंत निघत राहिली. मूळ इंग्लंडमध्येही त्या काळी हीटर ही पुष्कळ गाड्यांत वेगळे पैसे भरून घ्यावयाची वस्तू होती. मग उन्हाच्या देशात तिची प्रतिष्ठा ती काय असणार? १९२८ मध्ये लखनौच्या ज्या कौन्सिल हाउसचे उद्घाटन झाले, त्या आजच्या विधानभवनापुढे स्वातंत्र्योत्तर काळात पांढऱ्या अँबॅसेडर गाड्यांच्या रांगा लागत. त्या काळच्या कित्येक गाड्यांतील साहेब मफलर गुंडाळून आणि चालक कानटोपी घालून प्रवास करीत. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांच्या हवामानावर बेतलेली गाडी उत्तरेकडच्या धुक्यात कुडकुडत होती, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे वातानुकूलित गाड्या सर्वसामान्य झाल्या, आणि थंड हवेच्या यंत्राचे बोट धरून हीटरही घरोघरच्या गाडीत आला.

तो आला हे बरे झाले, कारण हीटर ही केवळ पाय शेकण्याची सोय नव्हे. चार माणसे बंद गाडीत बसली, की त्यांच्या श्वासातील ओल थंड काचेवर दव होऊन जमते आणि समोरचे दिसेनासे होते. बाहेर धुके आणि आत दव, अशा दोन पडद्यांआडून चालकाला रस्ता पाहावा लागतो. कोरडी, उबदार हवा काचेवर सोडली की आतला पडदा तरी उठतो. अमेरिकेत १९६८ पासून मोटारीच्या काचेवरील दव आणि बर्फ घालविण्याची व्यवस्था कायद्याने आवश्यक ठरविण्यात आली, ती या कारणासाठी. आमच्याकडे २०१६ मध्ये आग्रा आणि लखनौ यांना जोडणाऱ्या ३०२ किलोमीटरांच्या द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले. अशा मार्गांवर धुक्याच्या दिवसांत वेगाची मर्यादा खाली आणावी लागते. तेथे दोन क्षण दिसले नाही, तर त्याची भरपाई पुढे कशानेही होत नाही. अशा वेळी बिघडलेला हीटर ही गैरसोय राहत नाही. ते अर्धे आंधळेपण असते.

म्हणून तो बिघडला तर कोठे पाहावे, हे प्रत्येक गाडीवाल्यास थोडेफार ठाऊक असावे. प्रथम एकच प्रश्न विचारावा: हवा येतच नाही, की येते पण गार येते? हवाच येत नसेल, तर दोष पंख्याकडे; फ्यूज, पंख्याचा वेग कमीजास्त करणारा रोधक, किंवा स्वतः पंखा, यांपैकी काही तरी निकामी झाले आहे. हवा क्षीण येत असेल, तर बहुधा गाळणी धुळीने आणि झाडांच्या पाल्याने भरली आहे, किंवा उंदराने तेथे कापूस-कागदाचे घर केले आहे. यांतील पुष्कळशा वस्तू खणामागेच सापडतात. हवा जोराने येते पण गार येते, असे असेल तर पाण्याकडे वळावे. इंजिन पुरते निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. तापल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पातळी ठीक असेल तर इंजिन चालू करून तापू द्यावे, आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून, सावधपणे स्पर्शाने पाहाव्यात. दोन्ही गरम असतील तर ऊब हीटरपर्यंत पोचते आहे, आणि आतील गरम-गार हवेची झडप अडकलेली आहे. एक गरम आणि एक गार असेल, तर हीटरमध्ये पाणी फिरत नाही. दोन्ही कोमट असतील, तर इंजिनच पुरते तापत नाही.

या शेवटच्या दोन दोषांना आपल्याकडे विशेष कारणे आहेत. इंजिनातील पाणी ठराविक उष्णतेपर्यंत अडवून धरणारा थर्मोस्टॅट नावाचा एक पहारेकरी असतो. जुन्या गाड्या मे महिन्यात तापू लागल्या, की कित्येक मिस्त्री हा पहारेकरीच काढून टाकीत. त्याने उन्हाळा निभावे; पण हिवाळ्यात पाणी कधी पुरते तापतच नसे, आणि हीटर गार वारा फेकीत राही. मे महिन्याचे औषध जानेवारीचे दुखणे होऊन बसे. दुसरे असे, की येथे पाणी गोठण्याचे भय नाही, म्हणून गंजरोधक द्रवाऐवजी नळाचे किंवा हापशाचे पाणी भरले जाते. त्यातील क्षार आणि आतला गंज मिळून हीटरच्या अरुंद नळ्या बुजवून टाकतात. आणि गाडीत कधी गोडसर वास येऊ लागला, काचेवर तेलकट वाफ धरू लागली, तर हीटरमधून तो द्रव गळतो आहे असे समजावे. तो द्रव विषारी असतो. त्याचा गोडवा फसवा आहे, विशेषतः घरात लहान मुले आणि पाळीव जनावरे असतील तर.

राहता राहिला तो खण काढण्याचा विधी. बहुतेक गाड्यांत तो अवघड नाही. खण रिकामा करावा, झाकण उघडून त्याच्या दोन्ही बाजू हलकेच आत दाबाव्यात, बाजूची दोरी किंवा दट्ट्या सोडवावा, आणि खण खालच्या खुंट्यांवरून उचलून घ्यावा. काही गाड्यांत दोन-चार स्क्रूही असतात. जोर लावला तर प्लॅस्टिकचे कान मोडतात. येथे लखनवी अदबच कामास येते. परंतु एक खबरदारी नव्या काळाची आहे. १ एप्रिल २०२१ पासून भारतात नव्या नमुन्यांच्या गाड्यांत चालकाप्रमाणेच शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि ती फुग्याची पिशवी याच खणाच्या वरच्या अंगाला घडी घालून ठेवलेली असते. तिच्या तारांना व जोडण्यांना सहसा पिवळा रंग असतो. त्यांना हात लावू नये. तेथवर काम जाणार असेल तर गाडी जाणत्याच्या स्वाधीन करावी.

लखनौतील मिस्त्री हा खण उतरवून बाजूला ठेवतो, तेव्हा नकळत तो एक उत्खननच करीत असतो. भूमीच्या थरांत जसे एकावर एक काळ पडून असतात, तसे या वीतभर जागेत शतक-सव्वाशतकाचे थर आहेत. वरचा थर एअरबॅगचा, काल-परवाचा. त्याखाली थंड-गरम हवेच्या झडपा, १९५४ च्या कल्पनेच्या वंशज. त्यामागे पंखा आणि पाण्याचा हीटर, १९३० च्या सुमाराचे. आणि हे सारे झाकणाऱ्या पेटीच्या नावात उघड्या बग्गीत वारा खाणारी, हातमोजे घातलेली पहिली पिढी. प्रत्येक थराने आधीच्या थराचे दुःख कमी केले आहे, आणि ते करताना स्वतःला अधिकाधिक आड केले आहे.

आड झालेली सोय आपण गृहीत धरतो. धुक्यात काच स्वच्छ राहते, मागच्या आसनावर मूल सुखाने निजते, आणि ते सकाळी जागे होईल याची शंकाही मनात येत नाही. अंगीठीभोवती निजणाऱ्या माणसाला ही निश्चिंती अजून लाभलेली नाही. विस्तव आणि माणूस यांच्यामध्ये एक मध्यस्थ असावा, ही साधी गोष्ट मोटारीने नव्वदएक वर्षांपूर्वीच आत्मसात केली. गरिबाच्या बंद खोलीत ती अजून पोचावयाची आहे. तोवर अंगीठी निजण्यापूर्वी बाहेर काढावी आणि खिडकीची एक फट उघडी ठेवावी. थोडी थंडी आत येईल, तिला येऊ द्यावे.